जुनी पाटी म्हणजे जुनी कंपनी नव्हे : गेम कंपन्यांचा सातबारा कसा वाचायचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुझ्याकडे दोन ऑफर आहेत. एक परदेशी गेम कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओची, नाव चाळीसेक वर्षं जुनं, तुझ्या बाबांनीसुद्धा ऐकलेलं. दुसरी बाणेरमधल्या बारा-पंधरा जणांच्या टीमची, चार वर्षांपूर्वी सुरू झालेली. पगारात फार फरक नाही. बाबा म्हणतात, एवढी वर्षं टिकलीये म्हणजे बुडणार नाही, डोळे मिटून घे. आणि तू विचारलंयस की हे खरं का, आणि या कंपन्यांचा इतिहास वाचायचाच तर कुठून आणि कसा वाचायचा.

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे, सगळी पुण्यातच. आर्टिस्ट म्हणून लागलो, मग लीड, आता प्रोड्यूसर. बाबांचा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण ते पाटी बघून बोलतायत आणि या धंद्यात पाटी सगळ्यात कमी खरं सांगते.

आमचं जुनं घर सदाशिव पेठेत वाड्यात होतं. वाडा पाडला, बिल्डिंग झाली आणि बिल्डरनं नवीन बिल्डिंगला वाड्याचंच नाव दिलं, गेटवर छान दगडात कोरून. आज तिथे मूळ बिऱ्हाडांपैकी एकही राहत नाही, आणि जागा कागदोपत्री भलत्याच्याच नावावर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं वाडा अजून आहे. गेम कंपनीचं अगदी असंच असतं बघ. पाटी वेगळी, आत राहणारी माणसं वेगळी आणि सातबारा वेगळा. (शहरात त्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, पण मी आपलं सातबाराच म्हणतो, सगळ्यांना कळतं.) सातबारा म्हणजे इथे गेमचे हक्क: कोड, पात्रं, नाव, सिक्वेल काढायचा अधिकार. कुठल्याही गेम कंपनीचा इतिहास वाचताना या तीन गोष्टी तीन वेगळ्या रंगांच्या पेनानं लिहून काढ, कारण त्या तीन वेगळ्या वाटांनी जातात, आणि 'कंपनी टिकली' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिघांपैकी एकच टिकलेलं असतं.

अटारीपासून सुरू करू, कारण तिच्यात हे सगळंच आहे. १९७२ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी ती काढली, प्रत्येकी २५० डॉलर घालून. नाव आधी सिझिजी असं ठेवायचं होतं पण ते कोणीतरी घेतलेलं निघालं, म्हणून गो नावाच्या पटावरच्या खेळातला शब्द उचलला, अटारी, म्हणजे साधारण आपल्या बुद्धिबळातला शह. अ‍ॅल अल्कॉर्न नावाचा इंजिनिअर घेतला आणि हात बसावा म्हणून त्याला एक साधा टेबल टेनिससारखा गेम करायला दिला, तो पाँग. सनीवेलमधल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये मशीन ट्रायलला ठेवलं, थोड्याच दिवसांत तिथून फोन, मशीन बंद पडलंय, घेऊन जा. अल्कॉर्न जाऊन झाकण उघडतो तर बिघाड काहीच नाही, नाणी पडायचा डबा काठोकाठ भरलेला, नवीन नाण्याला जागाच नव्हती. एक अख्खा उद्योग त्या भरलेल्या डब्यातून सुरू झाला असं मी मानतो.

पण सातबारा बघ. टीव्हीवर खेळायच्या गेमची मूळ कल्पना आणि पेटंट राल्फ बेअर यांच्या कामातून आलेलं, ते न्यू हॅम्पशायरच्या सँडर्स असोसिएट्समध्ये इंजिनिअर होते आणि त्यांच्या डिझाइनवरून मॅग्नाव्हॉक्सनं ओडिसी नावाचं यंत्र १९७२ मध्येच बाजारात आणलं होतं. मॅग्नाव्हॉक्सनं दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि अटारीला लायसन्स घ्यावं लागलं. म्हणजे पहिल्याच उताऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव. माणसांचं बघायचं तर डॅबनी १९७३ लाच बाहेर पडले होते. आणि १९७६ मध्ये बुशनेलनी अख्खी कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला २ कोटी ८० लाख डॉलरला विकली, कारण घरगुती मशीन काढायचं होतं आणि तेवढं भांडवल जवळ नव्हतं. ते मशीन १९७७ ला आलं, पुढे २६०० या नावानं ओळखलं गेलं.

वॉर्नरनी वर बसवलेले रे कसार हे कापड उद्योगातून आलेले. त्यांच्या काळात विक्री प्रचंड वाढली हे मान्य करायला पाहिजे. पण गेम करणाऱ्याचं नाव डब्यावर नाही, स्क्रीनवर नाही, विक्रीत वाटा नाही. त्या वेळी एक गेम म्हणजे एक माणूस, कल्पना त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचा, कोडही त्याचाच, आणि तरी नाव नाही. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरनं अ‍ॅडव्हेंचर या गेममध्ये एक गुप्त खोली केली, करड्या रंगाचा एकच पिक्सेल सापडला तरच आत जाता येईल अशी, आणि आत स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीला ते कळेपर्यंत तो नोकरी सोडून गेलेला होता. मी नव्या मुलांना ट्रेनिंग देतो तेव्हा हा किस्सा सांगतोच, कारण लोक त्याला गंमत म्हणून सांगतात, पण आपल्या कामावर आपलं नाव असावं म्हणून एका माणसाला चोरून खोली बांधावी लागली ही गोष्ट मला गंमत वाटत नाही.

मग १९७९. मार्केटिंगकडून प्रोग्रामर लोकांना एक कागद आला, कुठला गेम किती विकला जातोय त्याचा, हेतू असा की जे विकतं तसलं अजून करा. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी त्या कागदावर आपापल्या गेमची बेरीज केली तर कंपनीच्या कार्ट्रिज (म्हणजे गेमच्या कॅसेट) विक्रीतला निम्म्याहून जास्त भाग या चौघांचा. वाटा मागायला गेले, नाही म्हणाले, बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांना घेऊन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या घरगुती गेम मशीनसाठी फक्त गेम करून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. अटारीनं कोर्टात खेचलं पण शेवटी रॉयल्टीवर तडजोड झाली आणि तिथून थर्ड पार्टी पब्लिशर हा धंदाच सुरू झाला. त्यांच्या गेमच्या माहितीपुस्तिकेत गेम करणाऱ्याचा फोटो आणि त्यानं खेळणाऱ्याला दिलेल्या टिपा असायच्या. क्रेनचा पिटफॉल १९८२ चा, चाळीस लाखांच्या वर खपला.

इकडे अटारीत १९८२-८३ ला काय झालं ते तू ऐकलंच असशील, गेमचा महापूर, दुकानदारांनी माल परत केला, १९८३ या एका वर्षात ५० कोटी डॉलरच्या वर तोटा, आणि न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत कार्ट्रिज पुरून टाकली. २०१४ मध्ये तो खड्डा खरंच उकरला आणि कार्ट्रिज निघाली, ती दंतकथा नाही. पण मला त्या खड्ड्यापेक्षा पुढची वाटणी महत्त्वाची वाटते. १९८४ ला वॉर्नरनी कंपनीचे दोन तुकडे केले. घरगुती मशीन आणि कॉम्प्युटरचा भाग घेतला जॅक ट्रॅमिएल यांनी, जे त्याच वर्षी कमोडोर ही आपणच उभी केलेली कंपनी सोडून आलेले. आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनचा भाग अटारी गेम्स म्हणून वेगळा झाला.

आता पेन घे. घरगुती तुकडा: ट्रॅमिएल, मग १९९६ ला जेटीएस नावाच्या हार्ड डिस्क कंपनीत विलीन (तिच्या डिस्क आपल्या मद्रासला बनायच्या, हे वाचलं तेव्हा मी पान परत उलटून बघितलं होतं), १९९८ ला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं जेटीएसकडून नाव आणि हक्क मिळून फक्त ५० लाख डॉलरला उचलले, २००१ ला हॅस्ब्रोचा तो विभाग फ्रान्समधल्या लिऑनच्या इन्फोग्राम्सकडे गेला, आणि इन्फोग्राम्सनी २००९ ला स्वतःचंच नाव बदलून अटारी ठेवलं. म्हणजे आज जी अटारी आहे ती वंशावळीनं फ्रेंच कंपनी, १९८३ ची, जिनं वाड्याचं नाव विकत घेतलंय. २०१३ मध्ये तिच्या अमेरिकेतल्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यातूनही ती सावरली. आणि दुसरा तुकडा, आर्केडचा, फिरत फिरत १९९६ ला मिडवे या गेम कंपनीकडे गेला, मिडवे २००९ ला दिवाळखोरीत निघाली, आणि तिची मालमत्ता घेतली कोणी तर वॉर्नर ब्रदर्सनी. म्हणून आज अ‍ॅस्टेरॉइड्स हा जुना गेम अटारीचा आहे आणि गाँटलेट, जो अटारीनंच १९८५ ला केला, तो वॉर्नरचा. आता बाबांना विचार, अटारी किती वर्षं जुनी? १९७२ पासून मोजायची, २००१ पासून की २००९ पासून? उत्तर कुठल्या रंगाच्या पेनानं लिहितोस त्यावर आहे.

अ‍ॅक्टिव्हिजनचंही तेच. १९८८ ला नाव बदलून मीडियाजेनिक केलं, धंदा बुडाला, १९९१ ला बॉबी कॉटिक आणि भागीदारांनी ती घेतली, दिवाळखोरीतून काढली आणि जुनं नाव परत लावलं, कारण नावच तेवढं शिल्लक होतं ज्याला किंमत होती. २००८ ला व्हिवेंडी या फ्रेंच कंपनीच्या गेम विभागाशी विलीन होऊन अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टनी घेतली, सौदा ६८.७ अब्ज डॉलरचा. वाटा मिळाला नाही म्हणून चार माणसांनी काढलेली कंपनी. त्या चौघांतलं आज तिथे कोणी नाही.

जपानकडे गेलं की चित्र जरा वेगळं दिसतं, आणि तिथे बाबांचं म्हणणं थोडं खरंही ठरतं. निंटेंडो १८८९ ची, क्योटोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले पत्ते हातानं बनवून विकायला सुरुवात केली. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफाशी मनात जोडून बघ, तसाच हाताचा, रंगाचा, कागदाचा धंदा. १९४९ ला हिरोशी यामाउची हे कॉलेजच्या वयात गादीवर आले, टॅक्सी चालवून बघितली, इन्स्टंट भात विकून बघितला, नाही चाललं. मग पत्त्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला ठेवलेल्या गुनपेई योकोई नावाच्या माणसानं रिकाम्या वेळात लांब होणारा पंजा केला होता, तो यामाउचींनी बघितला आणि १९६६ ला अल्ट्रा हँड म्हणून बाजारात आणला, दहा लाखांच्या वर गेला. त्याच योकोईंनी पुढे गेम अँड वॉच आणि गेम बॉय केले. इथे नाव आणि गाव एकाच रेषेत राहिलं, गादीवर घराणंही २००२ पर्यंत. हानाफुदा ते आजही बनवतात.

पण निंटेंडोच्या सातबाऱ्यातही एक वादाची ओळ आहे आणि ती फार कमी लोकांना माहिती असते. १९८० ला रडार स्कोप नावाचं आर्केड मशीन अमेरिकेला तीनेक हजार पाठवलं, त्यातले दोनेक हजार पडून राहिले. ते रिकामे डबे वापरात आणायला शिगेरु मियामोतो नावाच्या तरुण आर्टिस्टला सांगितलं, त्यातून १९८१ ला डाँकी काँग झाला. डिझाइन मियामोतोंचं, पण त्याचं प्रोग्रामिंग इकेगामी त्सुशिंकी या बाहेरच्या कंपनीनं केलेलं, आणि कोड कोणाचा हे करारात स्वच्छ लिहिलेलं नव्हतं. निंटेंडोनं डाँकी काँग ज्युनिअर काढला तेव्हा जुना कोड उलगडून वापरला, इकेगामीनं १९८३ ला दावा लावला, १९९० ला कोर्टाबाहेर मिटलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गेमपैकी एक, आणि करारात एक ओळ नव्हती म्हणून सात वर्षं भांडण.

बाकीच्या जपानी कंपन्यांची मुळं तर इतकी भलत्या ठिकाणी आहेत की वाचताना मजा येते. कोनामी १९६९ ला ओसाकात ज्यूकबॉक्स भाड्यानं देऊन दुरुस्त करायची. नामको १९५५ ची, मासाया नाकामुरा यांनी योकोहामातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर लहान मुलांचे दोन यांत्रिक घोडे बसवले तिथून सुरू. ताइतो १९५३ ला मायकेल कोगन या परदेशातून आलेल्या माणसानं काढली, वोडका आणि व्हेंडिंग मशीनचा धंदा. सेगाचं नाव सगळ्यांना जपानी वाटतं पण ते सर्व्हिस गेम्स या दोन शब्दांची सुरुवात जोडून झालंय, मूळ हवाईमध्ये, अमेरिकन लष्करी तळांवर स्लॉट मशीन पुरवणारे लोक. अमेरिकेनं १९५१ ला जुगाराच्या मशीनच्या वाहतुकीवर कायदा केला आणि हे लोक धंदा घेऊन जपानात गेले, १९६५ ला डेव्हिड रोझेन यांच्या फोटो बूथ आणि आर्केडच्या कंपनीशी मिळून सेगा एंटरप्रायजेस झाली. या सगळ्यांत धागा एकच आहे, नाणं टाकायचं मशीन. मशीन दुकानात बसवून, दुरुस्त करून, नाणी गोळा करायची यंत्रणा ज्यांना माहिती होती असे हे लोक पुढे गेम कंपन्या झाले. यातलं कोणी चित्रपट किंवा पुस्तकांच्या धंद्यातून आलेलं नाही.

आता माणसं एकीकडे आणि सातबारा दुसरीकडे असं कसं होतं ते बघ. वेस्टवुड, लास वेगासची, १९८५ ची, कमांड अँड काँकर करणारी. १९९८ ला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनी घेतली, २००३ ला बंद केली. तिथल्याच काही लोकांनी त्याच गावात पेट्रोग्लिफ नावाची नवी कंपनी काढली. सतरा वर्षांनी, २०२० ला, कमांड अँड काँकरची नवी आवृत्ती आली तेव्हा काम दिलं कोणाला तर पेट्रोग्लिफला, म्हणजे ज्यांनी तो गेम मुळात बांधला त्यातलेच काही जण आता कंत्राटदार म्हणून स्वतःच्याच घराला रंग द्यायला आले. काम सुंदर केलं त्यांनी. बंजीचं उलट, शिकागोत १९९१ ला सुरू झालेली, २००० ला मायक्रोसॉफ्टनी घेतली, २००७ ला ते लोक परत स्वतंत्र झाले पण त्यांनी केलेला हेलो हा गेम मात्र मायक्रोसॉफ्टकडे सोडून यावं लागलं. पुढचा गेम डेस्टिनी केला तेव्हा हक्क स्वतःकडे ठेवले, आणि २०२२ ला सोनीनं त्यांच्यासाठी ३.६ अब्ज डॉलर मोजले. एकदा सातबारा गेला की माणूस शहाणा होतो.

आणि नुसत्या पाटीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण टीएचक्यू. १९९० ला खेळण्यांची कंपनी म्हणून सुरू, गेममध्ये मोठी झाली, २०१२ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरी, २०१३ च्या जानेवारीत लिलाव. सेंट्स रो करणारा व्होलिशन स्टुडिओ कोख मीडियानं घेतला, रेलिक हा स्टुडिओ सेगानं. नंतर नॉर्डिक गेम्स या कंपनीनं टीएचक्यूचं निव्वळ नाव विकत घेतलं, २०१६ ला स्वतःचं नाव टीएचक्यू नॉर्डिक केलं, आणि २०१८ ला तिनं कोख मीडियाच विकत घेतली. म्हणजे व्होलिशन फिरून टीएचक्यू नावाच्या छत्राखाली, पण ती टीएचक्यू नव्हेच. २०१९ ला त्या ग्रुपचं नाव एम्ब्रेसर झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्होलिशन बंद, तीस वर्षांचा स्टुडिओ. वरची पाटी पुन्हा पुन्हा बदलली, आतले लोक मात्र रोज त्याच दारातून कामाला जात होते.

आता पुण्यात ये. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ चा, त्यांनी तो गेमलॉफ्टकडून घेतला, साधारण १२० माणसांसकट. दोन्ही कंपन्या मुळात एकाच घरातल्या, फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या गिलेमो कुटुंबातल्या पाच भावांच्या. आई-वडिलांचा शेतकऱ्यांना लागणारं सामान विकायचा धंदा होता, मुलांनी त्याला कॉम्प्युटर आणि गेमची मेल-ऑर्डर जोडली आणि १९८६ ला युबिसॉफ्ट काढली. गेमलॉफ्ट १९९९ ला मिशेल गिलेमो यांनी. म्हणजे एका खेड्यातल्या शेतीमालाच्या दुकानापासून निघालेली रेषा आपल्या पुण्यापर्यंत येते. २०१६ ला व्हिवेंडीनी गेमलॉफ्ट त्यांच्या मनाविरुद्ध ताब्यात घेतली, युबिसॉफ्टवरही डोळा होता पण २०१८ ला व्हिवेंडी तिथून बाहेर पडली. पुण्यातल्या मुलामुलींनी या काळात कोडिंग, अ‍ॅनिमेशन, टेस्टिंग शिकून घेतलं आणि मग बाहेर पडून आपापलं सुरू केलं. नोडिंग हेड्स या टीमनं इथेच राजी नावाचा गेम केला, २०२० ला आला, पहिल्यांदा लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न २०१७ ला पूर्ण झाला नव्हता तरी सोडला नाही. सुपरगेमिंग कंपनी पुण्याची, इंडस हा गेम त्यांचा, आणि मोबाइलवरचा पॅक-मॅन बांदाई नामकोसाठी त्यांनीच चालवला. गच्चीवरच्या त्या दोन घोड्यांची गोष्ट आठवते ना, तीच नामको.

माझं स्वतःचं सांगतो. नव्वदीत आमच्या घरी टीव्ही गेम होता, कॅसेट बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी मिळायच्या. एक कॅसेट चालेना म्हणून मी स्क्रू काढून उघडली तर आत छोटं हिरवं बोर्ड आणि त्यावर काळ्या डांबरासारखा वाळलेला एक थेंब, चिपसुद्धा दिसत नव्हती. मित्राकडच्या मारिओच्या पहिल्या स्क्रीनवर खाली वर्ष आणि निंटेंडो असं लिहिलेलं होतं, माझ्यातली ती ओळ पुसलेली, काळी पट्टी. मला तेव्हा प्रश्न पडला की इथे काय होतं आणि कोणी पुसलं. मी आजही कुठलाही गेम उघडला की आधी ती ओळ वाचतो.

आणि ही ओळ मला नोकरीत महागात पडली. करिअरच्या सुरुवातीला मी इथल्याच एका स्टुडिओत होतो, नाव सांगत नाही. पाच वर्षं एका गेमवर काम केलं, गाड्यांची मॉडेल माझी, रस्त्याच्या कडेची झाडं माझी. परदेशातल्या मूळ कंपनीनं निर्णय घेतला आणि एका शुक्रवारी आम्हाला सांगितलं, सोमवारी फक्त सामान न्यायला या. सोमवारी गेलो तर रिसेप्शनमागची पाटी उतरवलेली होती, भिंतीवर चार स्क्रूची भोकं आणि पाटीच्या आकाराचा जरा उजळ रंग. गेम नंतर दुसऱ्या देशातल्या टीमनं पूर्ण केला. क्रेडिटमध्ये आमची नावं नव्हती, आणि पोर्टफोलिओत ती मॉडेल दाखवायची लेखी परवानगीही मिळाली नाही, कारण मी पहिल्या दिवशी काय सही केली होती ते वाचलंच नव्हतं. पाच वर्षांचं काम होतं ते. अजून टोचतं.

म्हणून आता तुझ्या दोन ऑफरकडे असं बघ. दोन्ही ऑफर लेटरवर कुठेतरी खाली सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असेल, २१ अक्षरं-आकड्यांचा. तो कंपनीचा जन्मदाखला आहे. पहिलं अक्षर एल म्हणजे शेअर बाजारात लिस्टेड, यू म्हणजे नाही, मग पाच आकडे धंद्याचा प्रकार, मग एमएच म्हणजे महाराष्ट्र, मग चार आकडी वर्ष, तेच नोंदणीचं वर्ष. चाळीस वर्षं जुनी म्हणतायत त्या कंपनीचा सीआयएन बघ, तू प्रत्यक्षात ज्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये लागतोयस ती फार तर दहा-पंधरा वर्षांची निघेल. कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलंस की डायरेक्टर कोण, भांडवल किती, कर्जाचा बोजा आहे का, हेही दिसतं. परदेशी कंपनीचा इथला स्टुडिओ बहुतेक वेळा खर्च अधिक थोडा नफा अशा बिलावर मूळ कंपनीसाठी काम करतो, गेमचे हक्क त्याच्याकडे नसतात. म्हणजे वरून काम थांबलं तर विकायला, गहाण ठेवायला, ज्याच्या जोरावर उभं राहायचं असं इथे काहीच नसतं. टेबल, खुर्च्या आणि माणसं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, मोठ्या ठिकाणी दीडशे माणसं एक गेम एकत्र कसा बांधतात ते जसं शिकायला मिळतं तसं पंधरा जणांत मिळत नाही, आणि मीही तिथेच शिकलो. फक्त 'सेफ' हा शब्द वापरून जाऊ नकोस, 'शिकायला' म्हणून जा, दोन-तीन वर्षांचा हिशोब ठेव.

बाणेरवाल्यांना सरळ विचार: सध्या चालू गेम तुमचा स्वतःचा की क्लायंटचा, पब्लिशरकडून अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर तो वसूल होईपर्यंत तुम्हाला रॉयल्टी मिळते का, आणि पब्लिशर बुडाला तर हक्क परत तुमच्याकडे येतात असं करारात लिहिलंय का. हे विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, उलट चांगला फाउंडर खूश होतो. त्याला उत्तर देता आलं नाही तर चार वर्षांची कंपनी चाळीस वर्षांच्यापेक्षा धोक्याची आहे. नीट देता आलं आणि गेम त्यांचा असेल तर मी तुझ्या जागी असतो तर तिकडे गेलो असतो.

दोन्हीकडे सहीच्या आधी करारातलं हक्कांचं कलम वाच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण बऱ्याच करारांत त्यापुढे जाऊन लिहिलेलं असतं की नोकरीच्या काळात तू जे काही बनवशील ते सगळं कंपनीचं, घरी रात्री केलेलंसुद्धा. तू मला मागे तुझा तो दिंडीचा छोटा गेम दाखवला होतास, पालखीच्या वाटेवरचा, पखवाजाच्या ठेक्यावर पावलं टाकायची तो. त्याचं नाव, आत्तापर्यंत काय काय झालंय, तारीख, आणि स्क्रीनचे फोटो असं एक पान कर, एचआरला मेल कर की हे माझं आधीपासूनचं काम आहे, कराराला जोडपत्र म्हणून जोडा. 'हो' असं लेखी उत्तर येईपर्यंत सही करू नकोस. आणि क्रेडिटबद्दलही विचारून घे, गेम येण्याआधी सोडून गेलेल्याचं नाव लावता का.

दोन्ही करार मला पाठव, शनिवारी संध्याकाळी मोकळा आहे, बसून एकेक ओळ वाचू.